‘एकूण’ नावाचा ग्राहक

फारसा कोड न लिहिता ॲप बनवू देणारी लो-कोड साधनं विकणाऱ्यांच्या सादरीकरणात एक स्लाइड ठरलेली असते. डावीकडे कंपनीच्या फाइल सर्व्हरचं चित्र, उजवीकडे मोबाइलवर उघडलेलं चकचकीत ॲप आणि दोघांच्या मध्ये एक बाण. बाणावर लिहिलेलं असतं ‘इम्पोर्ट’. सादरकर्ता त्या बाणापाशी फार रेंगाळत नाही. एक्सेलची फाइल ओढून टाकली, रकाने आपोआप ओळखले गेले, हिरवी खूण आली, की पुढची स्लाइड डॅशबोर्डची. तेवढ्यात समोर बसलेल्या मालकांच्या डोक्यात हिशेब पक्का होतो. वर्षानुवर्षांचा डेटा सर्व्हरवर पडलेलाच आहे, तो नुसता उचलून इकडे ठेवायचा, ऑफिसातल्या कोणाकडूनही ते अर्ध्या दिवसात उरकेल, मग त्याचे वेगळे पैसे कशाला?

या हिशेबातली एकच गोष्ट खरी आहे. हे काम ऑफिसातल्याच माणसाने करायला हवं, इतकं बरोबर. बाकी सगळं चूक आहे, आणि ही चूक स्वस्तातली नाही. फाइल सर्व्हरवर माणसांनी माणसांसाठी लिहिलेली कागदपत्रं असतात. त्यांतून यंत्राला चालेल असा डेटा काढायचा म्हणजे ओळीओळीला निर्णय घ्यावे लागतात: ही नोंद धरायची की सोडायची, ही दोन नावं एकाच माणसाची की दोघांची, हा आकडा खरा की तो. स्लाइडवरचा बाण या निर्णयांवरून सरळ उडी मारतो.

आक्षेप लो-कोडवर नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. हे नाव फॉरेस्टर या संशोधन कंपनीने २०१४ साली रूढ केलं, वस्तू त्याहून जुनी. पोर्तुगालची आउटसिस्टिम्स २००१ची, नेदरलँड्सची मेंडिक्स २००५ची. चेन्नईच्या झोहोने आपलं ‘क्रिएटर’ २००६ साली आणलं. मायक्रोसॉफ्टचं पॉवर ॲप्स सर्वांसाठी खुलं झालं ते त्यानंतर दहा वर्षांनी. महाराष्ट्राला तर ही कल्पना नवी वाटायचं कारणच नाही. नव्वदच्या दशकात साखर कारखान्यांची ऊसबिलं आणि पतसंस्थांची खतावणी फॉक्सप्रोवर चालत होती, आणि ती बसवून देणाऱ्यांत संगणकाची पदवी नसलेले, पण पतसंस्थेचा कारभार तोंडपाठ असलेले कितीतरी होते. ज्याला काम कळतं त्याने साधन घडवावं, हे तेव्हाही बरोबर होतं. आज एखाद्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरने आठवडाभरात गेटपासचं ॲप उभं केलं, तर आयटी विभागाने ‘खेळणं’ म्हणून नाक मुरडू नये. त्याच विभागाकडे तीच मागणी वर्षभर धूळ खात पडलेली असते.

अडचण सुरू होते ती हा स्टोअरकीपर जुनी डिस्पॅच रजिस्टरं आत आणायला घेतो तेव्हा.

एखाद्या मध्यम कारखान्याचा सर्व्हर उघडून पाहावा. ‘डिस्पॅच’ नावाच्या फोल्डरात ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन (२)’ आणि ‘जुने – डिलीट करू नये’. यांतली चालू फाइल कोणती हे एकाच माणसाला माहीत, आणि तो दुसऱ्या पाळीला येतो. शेजारी ‘~$’ या चिन्हांनी सुरू होणारी एक लपलेली चिमुकली फाइल. कोणीतरी मूळ फाइल उघडी टाकून जेवायला गेलं की एक्सेल ही खुणेची फाइल करून ठेवतं. ‘फोल्डरातलं सगळं उचल’ असं सांगितल्यावर आयातीचं साधन तिलाही उचलायला जातं आणि अडखळतं. मूळ फाइलीच्या पहिल्या तीन ओळींत कंपनीचं नाव, पत्ता आणि ‘सन २०१९-२०’. चौथ्या ओळीत शीर्षकं. ग्राहकाचं नाव एकदाच लिहिलेलं, खालची सात घरं त्याच नावात मर्ज केलेली. वाचणाऱ्याला आठही ओळी त्याच ग्राहकाच्या आहेत हे कळतं. ॲपला पहिल्या ओळीत नाव मिळतं आणि उरलेल्या सात ओळी निनावी येतात. प्रत्येक महिन्याच्या शेवटी ‘एकूण’ अशी ओळ. आयात झाल्यावर ग्राहकांच्या यादीत ‘एकूण’ नावाचा ग्राहक दाखल होतो. उलाढालीनुसार यादी लावली की तो अर्थातच सगळ्यांच्या वर. हसू येतं खरं, पण त्या ग्राहकापायी वर्षाची विक्री बरोबर दुप्पट दिसते आणि तो आकडा डॅशबोर्डच्या स्लाइडवर झळकतो.

मर्ज केलेली घरं आणि ‘एकूण’ निदान डोळ्यांना दिसतात. रंगांचं काय? पिवळी ओळ म्हणजे पैसे यायचेत, लाल म्हणजे माल परत आला, हिरवी म्हणजे फोन करून झाला. हा संकेत कुठेही लिहिलेला नसतो; तो वसुली सांभाळणाऱ्याच्या डोक्यात असतो. आयातीसाठी वापरतात त्या साध्या मजकुराच्या सीएसव्ही फाइलीत रंग उतरत नाही, घराला डकवलेली टीपही उतरत नाही. वर्षानुवर्षांची वसुली ज्या रंगांत साठवलेली, ते रंग बाणाच्या अलीकडेच गळून पडतात. ॲपला ‘स्थिती’ असा रकाना हवा असतो, आणि तो भरायचा तर रंगांचा अर्थ माहीत असलेल्या माणसाने एकेक ओळ घेऊन बसायला हवं. अर्ध्या दिवसाची बात इथेच संपली.

समर्थकांचं पहिलं उत्तर असं की हे अस्ताव्यस्त फाइलींचं दुखणं झालं, नीटनेटकी फाइल घेतली तर ती सुरळीत आत जाते. जाते, यात वाद नाही. कशी जाते ते मात्र पाहण्यासारखं आहे. कांद्याचा एचएसएन संकेतांक ०७०३, द्राक्षांचा ०८०६. नाशिककडच्या एखाद्या निर्यातदाराची सीएसव्ही कोणी सहज दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली, की त्यांचे ७०३ आणि ८०६ होतात. एक्सेलच्या लेखी तो आकडा, आणि आकड्याच्या सुरुवातीच्या शून्याला किंमत नाही. आकड्याचे पंधराच अंक एक्सेल खरे धरतं, त्यामुळे सोळा-सतरा अंकी खाते क्रमांकाचे शेवटचे अंक शून्य होतात, तेही कायमचे. बारा अंकी आधार क्रमांक ‘१.२३ई+११’ अशा थाटात दिसतो. तो तसाच सीएसव्हीत उतरला की मूळ क्रमांक परत मिळवायचा मार्ग उरत नाही. तारखांचं तर विचारूच नये. ०३/०४/२०२१ ही आपल्याकडे तीन एप्रिल. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ती चार मार्च होते. १३/०४/२०२१ला मात्र तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती नुसता मजकूर होऊन पडून राहते. महिन्याच्या बारा तारखेपर्यंतचे बहुतेक व्यवहार भलत्याच महिन्यात, तेरापासूनचे कुठल्याच महिन्यात नाहीत. तक्रारीची एक ओळ नाही. हिरवी खूण येते.

हे अडाणी कारकुनांच्या हातून होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी जनुकशास्त्रज्ञांकडे पाहावं. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी जनुकांची लघुनामं एक्सेल तारखा समजून बदलून टाकत असे. एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात असल्या चुका असल्याचं २०१६ सालच्या एका पाहणीत दिसलं. अखेर मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने हार पत्करली आणि जनुकांचीच नावं बदलली. ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ झालं, ‘सेप्ट१’चं ‘सेप्टिन१’. आपोआप होणारं हे रूपांतर बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती २०२३ साली. जगातले उच्चशिक्षित संशोधक जिथे नावं बदलून मोकळे झाले, तिथे डिस्पॅच क्लार्कने अर्ध्या दिवसात सगळं निस्तरावं, ही अपेक्षा कोणत्या हिशेबाने ठेवतात ते विक्रेत्यांनाच विचारायला हवं.

दुसरं उत्तर जरा समजूतदार सुरात येतं: लहानसहान चुका राहतात, त्या नंतर दुरुस्त करता येतात. या ‘नंतर’ची किंमत इंग्लंडने मोजलेली आहे. २०२० साली करोना चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून सीएसव्ही फाइलींत यायचे. पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेत ते एक्सेलच्या साच्यात ओढले जायचे आणि तिथून पुढच्या यंत्रणेकडे जायचे. साचा जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारातला, म्हणजे ओळींची मर्यादा ६५,५३६. एका रुग्णाच्या निकालाला अनेक ओळी लागत, म्हणून एका साच्यात सुमारे चौदाशेच रुग्ण मावत. त्यापलीकडचे गळत राहिले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून निसटले. त्यांना स्वतःचा निकाल कळला होता. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधणाऱ्यांपर्यंत ही नावं दिवसेंदिवस पोचलीच नाहीत. साथीच्या दुसऱ्या लाटेच्या तोंडावर. ‘एक्सएलएसएक्स’ हा नवा प्रकार २००७ पासून हाताशी होता आणि त्यात १०,४८,५७६ ओळी मावतात. पण मोठा साचा घेणं हा यावरचा खरा उपाय नव्हे. फाइलींतून निघालेल्या ओळी किती आणि पलीकडे पोचलेल्या किती, एवढा ताळा रोज संध्याकाळी घेतला असता तर गळती पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. ताळा ही माणसाने करायची गोष्ट आहे. बाणावर त्याला जागा नाही.

एक्सेल जुनं झालं, लो-कोड नवं आहे, असा बचाव इथे होऊ शकतो. तर पॉवर ॲप्सचंच घ्या. एखादा शोध किंवा बेरीज मूळ स्रोताकडून करून घेता येत नसेल, तर ॲप पहिल्या ५०० ओळी मागवतं आणि तेवढ्यांवरच काम भागवतं. मर्यादा ताणली तरी २,०००. ॲप बनवणाऱ्याला इशाऱ्याची खूण दिसते, वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही. तीनशे ओळींची नमुना फाइल घालून चाचणी केली तर सगळं चोख चालतं. मग चाळीस हजार ओळी आत येतात आणि थकबाकीची बेरीज पहिल्या पाचशेंची दिसू लागते. हे कोणी लपवलेलं नाही, कंपनीच्या दस्तऐवजांत स्वच्छ लिहिलेलं आहे. स्लाइडवर नाही, इतकंच.

आणि आयात एकदाच होते हाही भ्रम. मध्येच कुठल्याशा ओळीवर काहीतरी चुकतं आणि काम तुटतं. निम्म्या ओळी आत, निम्म्या बाहेर. दुरुस्त फाइल पुन्हा चढवली, आणि प्रत्येक नोंदीला वेगळी ओळख देणारा क्रमांक आधी ठरवलेला नसला, की आत गेलेल्या ओळी दोनदा होतात. त्यातच नवीन नोंद आली की ग्राहकाला संदेश पाठवायचं कलम ॲपमध्ये चालू राहिलेलं असलं, तर पंधरा वर्षांच्या जुन्या ग्राहकांना एका रात्रीत ‘आपल्या नोंदणीबद्दल आभार’ जातात. त्यांतले काही हयात नसतात.

मराठी ऑफिसांच्या वाट्याला याशिवाय एक खास दुखणं आहे, ज्याची दखल परदेशी मार्गदर्शिकांत नसते. युनिकोडचा देवनागरी तक्ता १९९१ पासून आहे, पण इथल्या ऑफिसांत मराठी टाइप झालं ते वर्षानुवर्षं श्रीलिपी, सीडॅकची आयएसएम आणि तत्सम प्रणालींत. त्या फाइलींत संगणकाच्या दृष्टीने रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ असते. ठरावीक फाँट लावला की ती मराठी दिसते. सीएसव्हीबरोबर फाँट जात नाही. सभासदाच्या नावाच्या जागी जी गिचमीड उतरते तिला रूपांतरक लागतो, आणि त्याआधी कोणती फाइल कोणत्या फाँटात आहे हे माहीत लागतं. अर्ध्या ओळी एका ऑपरेटरने एका फाँटात आणि उरलेल्या त्याच्या जागी आलेल्याने दुसऱ्याच फाँटात भरलेल्या असतील, तर रूपांतरकही हात टेकतो.

युनिकोडमधल्या फाइली तरी सुखरूप? एक्सेलमध्ये साधा ‘सीएसव्ही’ पर्याय घेऊन सेव्ह केलं की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय त्याच यादीत असतो. त्याकडे लक्ष गेलं नाही तर आख्खी सभासद यादी ‘????’ होते, आणि प्रश्नचिन्हांतून नाव परत निघत नाही. हेही निभावलं असं धरू. मग ‘ॲड.’ हे वकिलांच्या नावाआधीचं इवलंसं उपपद पाहावं. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. त्याआधीच्या आणि नंतरच्याही असंख्य फाइलींत ते ‘अ’वर चंद्र चढवून टाइप केलेलं आहे. वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच, यंत्राला ती दोन वेगळी. ‘ऱ’ही दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकसंध, किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन. परिणामी नव्या ॲपमध्ये ‘कऱ्हाड’ नावाच्या दोन शाखा तयार होतात, निम्मे सभासद एकीत, निम्मे दुसरीत, आणि दोन्ही नावं पडद्यावर कितीही निरखली तरी फरक दिसत नाही.

फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली अजूनही कितीतरी सर्व्हरांच्या तळाशी आहेत. त्यांत रकान्याचं नाव दहा अक्षरांच्या पुढे जात नाही, त्यामुळे ‘खाते१’ आणि ‘खाते२’ यांतलं थकीत कोणतं हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पण खरी मेख वेगळीच आहे. डीबीएफमध्ये काढून टाकलेली नोंद जात नाही. तिच्यावर तारांकनाची खूण होते, आणि ‘पॅक’ ही आज्ञा दिली जाईपर्यंत ती फाइलीत तशीच बसून राहते. ही खूण न मानणाऱ्या साधनाने फाइल वाचली की राजीनामा दिलेले आणि वारलेले सभासद नव्या यादीत हजर, लाभांशाच्या रकान्यासकट.

परवानग्यांचा मुद्दा याहून गंभीर आहे आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. सर्व्हरवरचा पगारांचा फोल्डर एचआरच्या दोघांनाच उघडतो. हे कुलूप फोल्डरला असतं, आतल्या ओळींना नाही. ओळी उचलून ॲपच्या टेबलात ठेवल्या की कुलूप मागेच राहतं, आणि कोणी काय पाहायचं हे नव्याने ठरवावं लागतं. न ठरवल्यास काय होतं ते २०२१ साली दिसलं. अपगार्ड या सुरक्षा कंपनीने जाहीर केलं, की पॉवर ॲप्सवर बनवलेल्या पोर्टलांतून ३ कोटी ८० लाख नोंदी इंटरनेटवर उघड्या पडलेल्या आहेत. सत्तेचाळीस संस्था त्यात होत्या: अमेरिकेतल्या इंडियाना आणि मेरीलँड राज्यांच्या यंत्रणा, न्यूयॉर्क शहर, अमेरिकन एअरलाइन्स, फोर्ड, शिवाय स्वतः मायक्रोसॉफ्ट. करोना संपर्कशोधाची माहिती, लसीकरणाच्या वेळा, सामाजिक सुरक्षा क्रमांक, सगळं त्यात. कोणी काही फोडलं नव्हतं. टेबलाला परवानगी लावायचा पर्याय मुळात बंद असायचा, आणि बनवणाऱ्यांनी तो चालू केला नव्हता. मायक्रोसॉफ्टने त्यानंतर तो मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली, म्हणजे दोष फक्त वापरणाऱ्यांचा नव्हता हे कंपनीनेही एका अर्थी मान्य केलं.

काही सल्लागार म्हणतात, आयात करूच नका, ॲप थेट सर्व्हरला जोडा. मायक्रोसॉफ्टचं ‘गेटवे’ हेच करतं: ऑफिसातल्या एका विंडोज मशिनवर ते बसवायचं, ते स्वतःहून बाहेर जोडणी करतं, फायरवॉलला भोक पाडावं लागत नाही. चांगली सोय आहे. पण ते मशिन कोणाच्या टेबलावरचा लॅपटॉप असेल तर तो झोपला की ॲपही झोपतं. जोडणी एका खात्याच्या नावाने होते, आणि ते खातं जिथे शिरू शकतं तिथे ॲपही शिरतं, म्हणजे पगारांच्या फोल्डराचा प्रश्न मागच्या दाराने परत आलाच. शिवाय चालू फाइल कोणती हा सवाल जोडणीने सुटत नाही. चुकीची फाइल आता रोज ताजीतवानी दिसते, इतकाच फरक. कृत्रिम बुद्धिमत्ता रकाने जुळवून देईल, हा सर्वांत नवा युक्तिवाद. देते, आणि बऱ्यापैकी देते. पिवळ्या ओळीचा अर्थ तिला कोण सांगणार?

यावर महाराष्ट्रात एक उदाहरण आहे, आणि ते कुठल्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाही. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढले तेव्हा क्षेत्रांत, नावांत, गट क्रमांकांत चुका राहिल्या. महसूल खात्याने ‘एडिट’, मग ‘री-एडिट’ अशी दुरुस्तीची सोय दिली आणि गावोगाव चावडी वाचन घेतलं. संगणकातला उतारा मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी ऐकायचा, चूक असेल तर तिथेच सांगायची. मोहीम निर्दोष नव्हती. जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनातल्या चुका सुधारून घ्यायला लोक आजही तहसील कचेरीत खेटे घालतातच. पण पद्धत योग्य होती. ज्याच्या जमिनीची नोंद, त्याला विचारल्याशिवाय ती खरी मानायची नाही. त्याच सुमारास २०१७च्या कर्जमाफीत बँकांकडून ६६ रकान्यांच्या नमुन्यात माहिती मागवली गेली, शेतकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज वेगळे आले, आणि दोन्ही यंत्रावर जुळवायचं ठरलं. दिवाळीत प्रमाणपत्रं वाटून झाली आणि मग आधार क्रमांकांपासून खात्यांपर्यंतची तफावत निस्तरताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. रकाने ६६ असले म्हणून माहिती खरी ठरत नाही.

हिशेबनीसांना हे फार पूर्वीपासून कळलेलं आहे. एक एप्रिलला नव्या सॉफ्टवेअरवर जाणारा अनुभवी हिशेबनीस जुनी सगळी खतावणी ओढून आणायच्या फंदात पडत नाही. तो ताळेबंद जुळवतो, प्रत्येक खात्याची शिल्लक काढतो, मोठ्या येणेकऱ्यांकडून ती लेखी कबूल करून घेतो आणि तेवढीच ‘ओपनिंग’ म्हणून टाकतो. लो-कोडवाल्यांनी हीच रीत उचलावी. पंधरा वर्षांच्या डिस्पॅच रजिस्टरांपैकी रोजच्या कामाला किती लागतात? चालू ग्राहक, उघड्या ऑर्डरी, न मिटलेली थकबाकी. एवढंच आत आणायचं ठरवलं तर ओळी इतक्या कमी होतात की त्या खरोखर एकेक करून तपासता येतात, आणि तपासणाराही ठरलेला असतो: ज्याने त्या लिहिल्या तो.

त्याला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि वेळेचे पैसे लागतात. सध्याच्या कोटेशनांत ‘डेटा आयात’ ही ओळ एक तर नसते, नाहीतर ‘ग्राहकाची जबाबदारी’ असं लिहून तिच्यापुढचा रकाना कोरा सोडलेला असतो. मालकही तो कोरा पाहून खूश. मग डिस्पॅच क्लार्क आपलं रोजचं काम सांभाळून संध्याकाळी साडेसहानंतर पिवळ्या ओळी तपासत बसतो, आणि चूक निघाली की तीही त्याच्याच नावावर. ही ओळ किमतीसह लिहिली जावी, आयातीआधी आणि नंतर ओळींची संख्या व रकमेची बेरीज कोण जुळवणार त्याचं नाव तिच्यात असावं, आणि त्याच्या सहीशिवाय ॲप चालू होऊ नये. हा आता नुसता शहाणपणाचा सल्ला राहिलेला नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ८(३) सांगतं, की एखाद्या व्यक्तीवर परिणाम करणारा निर्णय तिच्या माहितीवरून घेतला जाणार असेल, तर ती माहिती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खात्री ती वापरणाऱ्याने करायची आहे. वारलेल्या सभासदाला लाभांश आणि हयात सभासदाला थकबाकीची नोटीस, हे दोन्ही असल्याच निर्णयात मोडतं.

राहिला जुना सर्व्हर. ॲप चालू झालं की तो बंद करून जागा मोकळी करायची घाई सगळ्यांनाच होते. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, जीएसटीखाली वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. तेव्हा तो पुसू नये, फक्त वाचता येईल असा करून ठेवावा. आणि ॲपमधल्या प्रत्येक आयात ओळीला दोन जास्तीचे रकाने द्यावेत: ही ओळ कोणत्या फाइलीतून आली, आणि कोणत्या तारखेला. दोन वर्षांनी जीएसटीची नोटीस येते आणि अधिकारी २०१९-२० मधल्या एका बिलावर बोट ठेवतो, तेव्हा डॅशबोर्ड कोणी उघडत नाही. ‘फायनल नवीन (२)’ शोधावी लागते.